दोन टोकं

निवतीच्या शाळेत, नववीच्या वर्गात,
फळीवर ठोकलेले चार खिळे,
एक शेल, एक बल्ब, एक कळ
आणि दीड हात तांब्याची तार.
बल्ब पेटत नव्हता.

येळापुरे सर त्याच महिन्यात मिरजेहून आलेले.
समुद्राकडे पाठ करून शिकवायचे,
वारा आला की हजेरीचं पान कोपरानं दाबून धरायचे.
फळ्यावर त्यांनी पाण्याची टाकी काढली,
टाकीला नळ, नळाखाली चाक.
"उंचीचा दाब ते विभवांतर. वाहतं ती धारा.
नळ अरुंद, तर रोध जास्त."
आम्ही माना हलवल्या.
टाकी आमच्यात कुणाच्याच घरी नव्हती.
विहीर होती, आणि दोर.

सरांनी शेल बदलला. बल्ब बदलला.
कळ दाबली, सोडली, पुन्हा दाबली.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
"खंय तरी सुटला आसा."

जयमाला मेथर उठली.
तारेच्या टोकाला बोट घासलं, बोट हिरवं झालं.
खाऱ्या हवेत तांब्यावर असा बुरा चढतो:
तार दिसते टेकलेली,
आणि टेकलेली नसते.
तिनं दप्तरातून तिसऱ्याची शिंपी काढली
(पेन्सिलीला टोक करायला ठेवायची)
आणि खरवडली तार, दोन्ही बाजूंनी,
ताज्या बांगड्याच्या कल्ल्यासारखी लाल होईपर्यंत.

मग पेटला.

"तुला कसं कळलं गं?"
"रापणीक असाच असता, सर."
आणि तिनं खडू मागून घेतला.
टाकी पुसली नाही, तिच्या शेजारीच काढला किनारा,
किनाऱ्यावरून आत जाणारा दोर,
पाण्यात जाळ्याचा वळसा,
आणि शंभर पावलांवर परत आलेलं दुसरं टोक.
"दोन्ही टोकां हातात होयी.
एक सुटला, तर चाळीस माणसा ओढतत
नुसता पाणी."

सर बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, तारेतला इलेक्ट्रॉन
गोगलगाईपेक्षा हळू सरकतो.
आम्ही हसलो. एवढा हळू, तर उजेड लगेच कसा?
जयमाला हसली नाही.
दोराला झोळ नसेल तर
इकडे हात पडला की तिकडचं टोक हलतंच, म्हणाली.
दोर काय धावत जात नाय.
सगळो एकदम सरकता.

त्या तासाला दुसरा बल्ब एकसर जोडला:
दोन्ही मिणमिणले,
एका वाट्यात दोन घरं जेवावीत तसे.
मग समांतर जोडला, दोन्ही लख्ख.
"मग घरात सगळं असंच जोडतात ना?" कृष्णा धुरी म्हणाला.
"असंच. पण शेल लवकर बसेल," सर म्हणाले,
"जास्तीचं कुठून तरी यावंच लागतं."
हे मी वहीत चौकट करून लिहिलं,
परीक्षेला आलं नाही.

एवढ्यात पुळणीवरून हाक आली. रापण लागली होती.
घंटेची वाट कुणी बघितली नाही.
सरसुद्धा आले, बूट हातात घेऊन,
दोर धरला नको तितका वर, दोनदा वाळूत बसले,
आणि तरी त्यांना वाटा मिळाला:
सात तारल्या, वर्तमानपत्रात.
त्या कशा साफ करायच्या
ते विचारायला मेथरांच्या दारात उभे होते, अंधार पडेपर्यंत.

सकाळी वर्ग उघडला.
फळीवर दोन्ही बल्ब विझलेले, शेलच्या बुडाशी चिकट पाणी,
कळ दाबलेलीच.
रिकाम्या वर्गात ते किती वाजेपर्यंत जळत होते
कोण जाणे. पागावर गेलेल्या कुणाला
दिसलेही असतील, शाळेच्या खिडकीत.

"टोकं सोडवायची राहिली. चूक माझी," सर म्हणाले.
बोटांना अजून वास होता.
हजेरी घ्यायला बसले,
खुर्ची फिरवून, खिडकीकडे तोंड करून.
पान उडालं.